तिसरे शील आणि संसाराचा कायदा



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत काय लिहावे, यावर आमच्या दोन-तीन बैठका झाल्या. कुणी म्हणाले, विहार कसे उभे राहिले ते लिहा. कुणी म्हणाले, दीक्षाभूमीच्या आठवणी लिहा. हे सर्व बोलणे चालू असताना मागे बसलेली एक वयस्क उपासिका म्हणाली, "बाकी सारं लिहान तुमी, पण घरोघरी जे होते ते कोन लिहीन?" आम्ही सगळे गप्प झालो. कारण तिचा रोख कशाकडे होता हे आम्हास ठाऊक होते.

काही वर्षांपूर्वी एका नवरा-बायकोचे भांडण विहारात आले होते. नवऱ्याचा बायकोच्या वागण्यावर संशय होता. आम्ही चार जाणती माणसं पंच म्हणून बसलो. दोन तास आम्ही त्या बाईला प्रश्न विचारले. कुठे गेली होती, कुणाशी बोलली, उशीर का झाला. नवऱ्याला मात्र एकही प्रश्न विचारला नाही. त्याने दुसऱ्या गावी एक बाई ठेवली होती, हे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. तरी कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. ती बाई लेकरं घेऊन माहेरी निघून गेली. पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी हा प्रश्न आपल्या समाजात आणि या देशाच्या कायद्यात कसकसा सोडवला गेला, त्याचा इतिहास पाहू. विषय नाजूक आहे. परंतु जे आपण रोज पंचशीलात म्हणतो, त्याविषयी बोलायला लाज कशाची?

दोघांना एकच शील

पंचशीलातले तिसरे शील कामेसुमिच्छाचारापासून दूर राहण्याचे आहे. हे शील घेताना पुरुषांची रांग वेगळी आणि बायकांची वेगळी असे आपण कधी करत नाही. सगळे एकत्र उभे राहून एकाच आवाजात म्हणतो. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला संसाराची कर्तव्ये समजावून सांगितली. त्यात नवऱ्याची बायकोप्रती पाच कर्तव्ये आहेत आणि बायकोची नवऱ्याप्रती पाच. तिचा मान राखणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराचा कारभार तिच्या हाती देणे, तिला दागदागिने देणे, ही नवऱ्याची. बायकोच्या पाचांतही एकनिष्ठता आहेच. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी हे माप दोघांना सारखे लावले. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे. तीसुद्धा स्त्री-पुरुष सर्वांनी मिळून घेतली.

मनूचे माप

आता दुसरीकडे पाहा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यभिचाराच्या शिक्षा दिल्या आहेत. नवऱ्याला सोडून जाणाऱ्या बाईला चारचौघांत कुत्र्यांकडून फाडून खाववावे, असे तिथे सांगितले आहे. पुरुषाची शिक्षा त्याच्या वर्णावर ठरते. शूद्राने वरच्या वर्णातल्या स्त्रीशी संबंध ठेवला तर त्याचे अवयव जातात, सगळी मालमत्ता जाते, प्रसंगी जीव जातो. ब्राह्मणाला मात्र मुंडन पुरते. एकच कृत्य, पण शिक्षा माणूस पाहून. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या आगीत अस्पृश्यतेचे श्लोक जळाले, तसे हे श्लोकही जळाले, हे आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

हे फक्त पोथीत होते असेही नाही. पेशवाईच्या दप्तरांत व्यभिचाराला 'बदअमल' म्हटलेले आढळते. पुरुषाकडून सरकार दंड वसूल करी. तो सरकारच्या उत्पन्नाचा एक भागच होता. खालच्या जातीतल्या दोषी ठरलेल्या बाईला मात्र पकडून बटीक, कुणबीण म्हणून राबवले जाई. पुरुष पैसे भरून सुटला आणि बाई जन्माची गुलाम झाली.

काडीमोड, पाट आणि इंग्रजांचे कोर्ट

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. लग्न म्हणजे जन्मोजन्मीची गाठ, ती सुटतच नाही, ही समजूत वरच्या जातींची होती. कष्टकरी जातींमध्ये काडीमोड होती, फारकत होती, सोडचिठ्ठी होती. टाकलेली किंवा विधवा बाई पाट लावून, म्होतूर करून दुसरा संसार थाटू शकत होती. पंच बसत, दंड घेत, जेवण घेत आणि मोकळे करत. या पंचायती काही न्यायाचे मंदिर नव्हत्या. तिथेही पुरुषांचाच शब्द चाले. पण दार पूर्ण बंद नव्हते.

इंग्रज आले आणि त्यांनी दार अधिकच अरुंद केले. सन १८६४ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे गुजरातेतल्या कोळी समाजातले एक प्रकरण आले. एका बाईने जातीच्या चालीप्रमाणे पहिल्या नवऱ्याला सोडून दुसरे घर केले होते. कोर्टाने ही चाल नीतीविरुद्ध ठरवली. बाई दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यात दोषी ठरली आणि तिचा दुसरा नवरा व्यभिचाराच्या गुन्ह्यात. पुढे १८७६ साली याच कोर्टाने सांगितले की, लग्न मोडण्याचा आणि बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. गरिबाच्या घरातली रीत अशा प्रकारे एकदम फौजदारी गुन्हा होऊन बसली.

हा व्यभिचाराचा गुन्हा आला कुठून? १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ४९७ मधून. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात हा गुन्हा नव्हताच. तो नंतरच्या लॉ कमिशनने घातला. हे कलम नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते १५८ वर्षे या देशात चालले. त्याचा अर्थ असा की, दुसऱ्याच्या बायकोशी, तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय, संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. बाईला शिक्षा नाही. वरवर पाहता बाईवर दया केल्यासारखे वाटते. पण जरा विचार करा. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! म्हणजे बायको ही नवऱ्याची वस्तू, आणि त्याला न विचारता ती कुणी घेतली तर चोरी. तक्रार करायची तीही त्या बाईच्या नवऱ्याने. एखाद्या पुरुषाने घरची बायको टाकून विधवेशी किंवा बिनलग्नाच्या बाईशी संबंध ठेवला, तर कलम ४९७ प्रमाणे तो गुन्हाच नव्हता. घरी रडणाऱ्या बायकोला या कलमाखाली कुणाविरुद्ध तक्रार करता येत नव्हती.

ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ साली घटस्फोटाचा कायदा झाला. त्यातही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा दाखवला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचारासोबत क्रूरपणा, टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद जायला २००१ साल उजाडले.

नागपूरच्या बायकांनी मागितलेला हक्क

आपल्याला वाटते घटस्फोटाचा हक्क दिल्लीहून आला. तसे नाही. तो आधी आपल्या विदर्भातून मागितला गेला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. वीस-पंचवीस हजार बाया तिथे जमल्या होत्या. शेतात निंदण-खुरपण करणाऱ्या, गिरणीत आणि विड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या त्या बाया. त्यांनी ठराव केला की बाईला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, आणि दुसरा ठराव केला की एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी. त्या परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितले की लग्न झालेल्या बाईने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये. आपल्या आज्या, पणज्या तिथे गेल्या असतील किंवा नसतील, पण मागणी त्यांचीच होती.

पुढे बाबासाहेब कायदामंत्री झाले आणि हिंदू कोड बिल त्यांच्या हाती आले. ९ एप्रिल १९४८ च्या भाषणात त्यांनी घटस्फोटाची सात कारणे सांगितली. त्यात एक कारण होते, नवऱ्याने रखेल ठेवणे किंवा बायकोने कुणाची रखेल होणे. पाहा, इथे दोघे एका ओळीत आले! विरोधकांचे म्हणणे होते की घटस्फोटाने हिंदू धर्म बुडेल. बाबासाहेबांनी त्यांना दाखवून दिले की ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता, त्या बहुसंख्य हिंदूंमध्ये काडीमोड आधीपासूनच आहे, मग मूठभरांचा नियम सर्वांवर का? बिल रखडवले गेले, तुकडे पाडले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागे जी कारणे होती, त्यांत हिंदू कोड बिलाची गत हे एक मोठे कारण होते. बायकांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणारा दुसरा कायदामंत्री आम्हास तरी माहीत नाही.

दिग्रसला कायदा केव्हा आला

आता आपल्या गावाकडे येऊ. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई प्रांतात १९४६ साली दोन बायका करण्यास बंदी आली आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला. पण आपण मुंबई प्रांतात नव्हतो. यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या बाईला मिळालेला तो हक्क दिग्रस, दारव्हा, पुसदच्या बाईला नव्हता. तिच्यासाठी होता तो १९४६ चा केंद्राचा एक कायदा. नवऱ्याने दुसरे लग्न केले किंवा घरात रखेल ठेवली तर वेगळे राहून पोटगी मागता येई, एवढेच. सुटका नाही.

१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला, तेव्हा दिग्रस जुन्या मध्य प्रदेश राज्यात होते. त्या दिवसापासून आपल्याकडेही एकपत्नीत्व आले आणि घटस्फोट आला. या कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचाही समावेश आहे. म्हणून दीक्षेनंतरही आपली लग्ने आणि घटस्फोट याच कायद्याखाली आहेत. पुष्कळ जणांना अजून वाटते की आपण बौद्ध झालो म्हणजे हा कायदा आपल्याला नाही. ते चूक आहे.

पहिल्या कायद्यात व्यभिचारावर घटस्फोट हवा असेल तर जोडीदार 'व्यभिचारात राहत आहे' हे दाखवावे लागे. एखाद्या वेळच्या संबंधावर फक्त कोर्टातून वेगळे राहण्याचा हुकूम मिळे. कायद्याआधी ज्यांनी दोन-दोन बायका केल्या होत्या, त्यांच्या बायकांनाही घटस्फोट मागण्याची मुभा मिळाली. १९७६ च्या दुरुस्तीने, म्हणजे २७ मे १९७६ पासून, लग्नानंतर स्वखुशीने परक्याशी ठेवलेला एक संबंधही घटस्फोटाला पुरेसे कारण झाला. नवऱ्यालाही तेच, बायकोलाही तेच. मात्र आधी माफ करून पुन्हा संसार केला असेल, तर त्याच जुन्या गोष्टीवर घटस्फोट मागता येत नाही.

'लग्न कुठं केलं? नुसती ठेवली'

इथे एक फार मोठी मेख आहे. दुसरे लग्न हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ते दुसरे लग्न 'झाले' हे सिद्ध कसे करायचे? भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिली बायको जिवंत असताना १९६२ साली गंधर्व पद्धतीने दुसरे लग्न लावल्याचा आरोप होता. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण त्या लग्नात होमही झाला नव्हता आणि सप्तपदीही नव्हती, आणि या दोन्हींशिवाय लग्न पुरे होते अशी त्यांच्यातली रूढी सिद्ध झाली नव्हती. विधी पूर्ण नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने दुसरे लग्नच नाही, म्हणून गुन्हा नाही. ज्या बाईचा संसार मोडला तिच्या हाती काय आले?

आपल्यासाठी या निकालाचा अर्थ आणखी वेगळा आहे. बाबासाहेबांनी महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, एका पत्रात बौद्ध विवाहविधी सांगितला. त्यात होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांमध्ये पाण्याने भरलेला नवा मातीचा घडा, हाती सूत, आणि सुत्तपठण. साधा, सुंदर विधी. कायद्याचे कलम ७ पक्षांच्या रूढीप्रमाणे झालेल्या विधीला मान्यता देते. परंतु उद्या कुणी कोर्टात उभा राहून 'लग्न कुठं केलं? नुसती ठेवली' म्हणाला, तर विधी झाला होता हे कागदाने आणि साक्षीने दाखवावे लागते. म्हणून लग्नाची नोंदणी हवी. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले. आम्ही किती लग्ने लावली आणि किती जोडप्यांची नोंदणी करवून घेतली, याचा हिशेब आम्हास द्यावा लागेल.

पोटगी आणि आरोप

बाईच्या चारित्र्यावर आरोप कोर्टात जास्त करून पोटगीच्या वेळी होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या कलम १४४ मध्ये, 'व्यभिचारात राहणाऱ्या' बायकोला पोटगी नाही अशी तरतूद आहे. नवरे याचाच आधार घेतात. पण न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे की 'व्यभिचारात राहणे' म्हणजे तसे चालू असणे. एखादी चूक किंवा गावातली कुजबुज पुरेशी नाही, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्याची. त्याच कलमात हेही आहे की नवऱ्याने दुसरी केली किंवा ठेवली असेल, तर बायकोने त्याच्याकडे नांदायला नकार देणे योग्यच आहे. हे दुसरे वाक्य आमच्या पंचांपैकी कुणाला माहीत नव्हते.

आरोपाच्या भांडणात लेकरांनाही ओढतात. 'हे मूल माझं नाही, रक्त तपासा' म्हणतात. लग्न टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच, असे कायदा धरून चालतो. २०२३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला मुलाची डीएनए तपासणी सहजासहजी करता येणार नाही. भांडण आईबापाचे, त्यात मुलाची ओळख पणाला का लावायची?

२७ सप्टेंबर

कलम ४९७ विरुद्ध अनेकदा दाद मागितली गेली. १९५४ साली, १९८५ साली, १९८८ साली. प्रत्येक वेळी ते टिकले. अखेर २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही, हे त्या निकालाचे सार. १९८५ च्या निकालात ते कलम टिकवणारे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड, आणि २०१८ ला ते रद्द करणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. आणि तारीख पाहा, बाबासाहेबांच्या राजीनाम्याला त्याच दिवशी ६७ वर्षे पूर्ण होत होती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा पुन्हा घातलेला नाही.

तरुण मंडळी यावरून म्हणतात, 'आता सगळं माफ झालं.' तसे नाही. व्यभिचारासाठी तुरुंग गेला, पण घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार कायम आहे. जोडीदार जिवंत असताना दुसरे लग्न हा गुन्हाही कायम आहे. आणि शील तर कोणत्याही कोर्टाने रद्द केलेले नाही. शील पाळायला पोलीस लागत नाही.

अजूनही कायद्यात काही जागी माप वाकडे आहे. १९५६ च्या पोटगीच्या कायद्यात शील सुटलेल्या बायकोचा वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क जातो. हे काम अपुरे आहे आणि ते पुढच्या पिढीला करायचे आहे.

आम्ही काय ठरवले

आता त्या बाईचे. तिने खावटीसाठी अर्ज केला. नवऱ्याने तिथेही तोच आरोप केला. कोर्टाने त्याला विचारले, पुरावा काय? त्याच्याकडे काही नव्हते. मग त्याला दुसऱ्या गावच्या बाईविषयी विचारले गेले. तो उत्तर देऊ शकला नाही. बाईला आणि लेकरांना खावटी मंजूर झाली. जो प्रश्न विहारात, तथागतांच्या मूर्तीसमोर बसून आम्ही विचारायला हवा होता, तो कोर्टाने विचारला. याची आम्हास लाज वाटते, आणि ती इथे लिहून ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

म्हणून या वर्धापन दिनापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. विहारात लागणाऱ्या प्रत्येक लग्नाची वहीत नोंद होईल, दोन साक्षीदारांच्या सह्या होतील, आणि सरकारी नोंदणी झाल्याची खात्री केली जाईल. वधू-वरांपैकी कुणाचे आधीचे लग्न कायम आहे का, हे विचारल्याशिवाय लग्न लावले जाणार नाही. संसाराचे भांडण आले तर पंच म्हणून किमान दोन भगिनी बसतील. प्रश्न दोघांना विचारले जातील, आणि तेच प्रश्न विचारले जातील. निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही, तो कोर्टाचा आहे. समजूत घालणे आणि गरज पडली तर वकिलापर्यंत पोचवणे, एवढेच आमचे काम. चारित्र्याच्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या जाणार नाहीत.

सुरुवातीला ज्या उपासिकेचे बोल लिहिले, तिला हा लेख वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतला. म्हणाली, "लिवलं ते बरं केलं. आता तसं वागजा."

आम्ही तसे वागू, असे वचन या स्मरणिकेतून वस्तीतल्या सर्व माता-भगिनींना देतो.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!